दहावर की दोनवर

गालांना फेस फासून मिस्त्रींनी वस्तरा उचलला आणि आरशात मागच्या भिंतीवरचं घड्याळ पाहून त्यांचा हात थांबला. आरशात दोन वाजत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. भिंतीवर दहा.

"अरे देवा!"

"कापलं का?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"मी पोरीला उलटं सांगितलं."

सकाळी चहा घेताना लेकीने विचारलं होतं, "बाबा, पिंजऱ्याची खिडकी कितीवर ठेवू?" मिस्त्रींच्याच जुन्या कारखान्यातल्या छर्रे मारायच्या मशीनची पाती झिजली होती, छर्ऱ्यांनी आतला पिंजराही खाल्ला होता. आज ती दोन्ही बदलणार होती, पहिल्यांदाच एकटी. या मशीनचं चक्र आपल्या पात्यांनी लोखंडी छर्रे भिरकावतं आणि ओतीव सामानाला चिकटलेली वाळू खरवडून काढतं. चक्राच्या मधोमध बसणाऱ्या पिंजऱ्याला एकच खिडकी असते; छर्रे नेमके कुठे जायचे, हे तिच्यावर ठरतं, आणि तिची जागा सगळे घड्याळाच्या आकड्यांत सांगतात. मिस्त्रींनी बिस्किट बुडवता बुडवता रुबाबात सांगून टाकलं, "दहावर. डोळे मिटून ठेव."

पण त्यांच्या काळात मशीन भिंतीला खेटून होतं. जन्मभर ते मागून, मोटरच्या बाजूने हात घालून काम करत आले. ते निवृत्त झाल्यावर मशीन पुढे ओढलं गेलं आणि आता समोरचं झाकण काढून काम चालतं. समोरून पाहिलं की तीच जागा दोनवर येते. दहावर ठेवली तर छर्रे सामान सोडून मशीनच्याच आतल्या पत्र्यांवर बसणार, आणि ते तिने परवाच नवे लावलेले. तिला कायम करायचं की नाही, हे याच महिन्यात ठरणार होतं. फोरमन तिला मागून 'वशिल्याचं तट्टू' म्हणतो, हेही मिस्त्रींच्या कानावर आलं होतं.

त्यांनी फोन लावला. नुसताच वाजत राहिला. कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो. त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

"अहो, तोंडाला फेस तसाच राहिलाय!"

"राहू दे."

कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आडवा आला.

"अरे, मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो, म्हणून तर खुर्ची देतोय. पण आत नाही सोडता येणार, मिस्त्री."

"मग निरोप तरी दे. म्हणावं, दहा नाही, दोन!"

"लग्नाचा मुहूर्त आहे का?"

मिस्त्री उत्तर देणार, तोच आत मशीन सुरू झालं. त्यांनी फाटकाचे गज घट्ट धरले. छर्रे पत्र्यांवर बसू लागले की गारा पडल्यासारखा ताडताड आवाज होतो. ते त्या आवाजाची वाट पाहत राहिले. तो आला नाही. नुसती दबकी, एकसारखी सरसर ऐकू येत होती. म्हणजे खिडकी बरोबर बसली होती. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग टोचलंही: पोरीने आपलं ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने फोरमन बाहेर आला. त्याच्यामागे हात पुसत लेक.

"मानलं, मिस्त्री! मी हिला तीनवर म्हणत होतो. ही म्हणाली, बाबांनी दोनवर सांगितलीय. मग मी कशाला तोंड उघडतोय?"

लेकीने मान खाली घातली. मिस्त्रींना वाटलं, हसून मान डोलवावी आणि घरी जावं. कुणाचं काय बिघडत होतं? सगळा दिवस गोड झाला असता.

"मी दहा सांगितली होती," ते म्हणाले.

"काय?"

"दहा. चुकलो मी. दोन तिने स्वतः शोधली."

फोरमन एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहत राहिला. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, कशाला बोललात?" ती हळूच म्हणाली. "तुमचं नाव घेतलं की हे लोक ऐकतात."

"म्हणूनच बोललो. कशी शोधलीस?"

"जुना पत्रा लटकवला आणि त्यावर क्षणभर छर्रे मारून पाहिले. डाग भलतीकडेच पडला. मग खिडकी सरकवत गेले."

मिस्त्रींनी असा पत्रा कधी लटकवला नव्हता. त्यांना ते कमीपणाचं वाटायचं.

फोरमनने घसा खाकरला. "बरं, ते जाऊ दे. पलीकडच्या चक्राचाही पिंजरा आजच बदलायचाय. त्याची खिडकी कितीवर?"

सवयीने त्याने तोंड मिस्त्रींकडेच केलं होतं. उत्तर त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रककडे तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. फोरमन थांबला, अवघडला, आणि मग लेकीकडे वळला.

"पत्रा मारून बघते," ती म्हणाली. "मग सांगते."

"बरं," फोरमन म्हणाला. "सांगा."

मिस्त्रींनी त्याला तिच्याशी 'सांगा' असं बोलताना आज पहिल्यांदाच ऐकलं.