लीजचे साठ हजार

"अण्णा, विकू का? बोला लवकर, रेट पडतोय!"

फोनमधून बसवंतचा आवाज फुटत होता. बंगळूरच्या चिकपेटेतल्या त्या एसटीडी बूथबाहेर दहा माणसं रांगेत, सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे. आत मल्हाररावांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला होता.

"सोडा!" ते ओरडले. "सगळे सोडा!"

"सगळे? नक्की?"

"अरे, नक्की म्हणजे काय? सोडा की!"

"सरी, ठीक अण्णा. मोठी छाती तुमची." लाइन कटली.

मल्हारराव पस्तीस वर्षं कापडाच्या दुकानात सेल्समन. गिऱ्हाईक घासाघीस करून दमलं की शेठ गादीवरून एवढंच म्हणायचे, "सोडा." म्हणजे त्या भावात देऊन टाका. हा शब्द त्यांच्या रक्तातच भिनलेला.

आणि सोडायचे होते ते शेअर, म्हणजे डोक्यावरचं छप्परच. बंगळूरची लीजची रीत सरळ आहे: मालकाला एकरकमी पैसे द्यायचे, भाडं नाही, घर रिकामं करताना पैसे परत. मार्चमध्ये मालकाने साठ हजार आधीच हातात ठेवले, मुलाचं लग्न ठरलंय, मेअखेर घर द्या म्हणाला. श्रीरामपुरममध्ये लक्ष्मीदेवींचं घर ठरलं. साठ हजार मेच्या मध्यावर द्यायचे. मधले दोन महिने पैसा नुसता पडून!

"बँकेत ठेवा की हो," बायको कस्तुरी म्हणाली होती. पण ब्याण्णव सालचा तो मार्च! पानवालासुद्धा शेअरचे भाव सांगत होता. मल्हाररावांनी सिमेंट कंपनीचे शेअर घेतले, कागदांवर सह्या करून बसवंतकडेच ठेवले. दलाली करणारा बसवंत जुना शेजारी, घरचाच माणूस, मराठीही बोलणारा.

फोन ठेवून ते हॉटेलात शिरले आणि कॉफी प्याले. पंचेचाळीस हजार तरी येतील, उरलेले शेठकडून उचल. वाचलो बुवा! चेक यायला पंधरा दिवस लागतात. पुढे रोज पेपरात भाव आणखी पडलेला वाचून ते कस्तुरीला म्हणत, "बिचारे लोक गं!" आणि गाढ झोपत.

पंधराव्या दिवशी ते बसवंतच्या ऑफिसात गेले.

"चेक? कसला चेक अण्णा?"

"अरे, शेअर सोडायला सांगितलं होतं ना!"

"मग? नाहीच विकले." बसवंतने ड्रॉवरमधून त्यांच्या सह्यांचे कागद काढले. "मी विचारलं, विकू का? तुम्ही म्हणाला, सोडा. आम्ही कन्नडात 'बिडी' म्हणतो की, म्हणजे सोडा, राहू द्या. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, बघा, सगळे विकतायत, आमचे अण्णा एकटे घट्ट उभे!"

मल्हाररावांना त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं, मग स्वतःचं.

"आता विक! येईल त्याला विक रे!"

"घेणारा पाहिजे की अण्णा. आठवडा झाला, कुणी हात लावत नाही." बसवंतचे डोळे भरून आले. "तुम्ही मला मारा हवं तर."

मारून काय होणार होतं? ते लक्ष्मीदेवींच्या दारात गेले, हात जोडले. बाई वाईट नव्हत्या, आठवडाभर थांबल्या. मग त्यांनी घर दुसऱ्याला दिलं. शेठने उचल दिली नाही. त्यांचेही बाजारात बुडाले होते.

हे सगळं कस्तुरीला सांगायचं होतं. रोज सकाळी तोंड उघडत आणि "चहा दे" म्हणत. ती जुन्या लुगड्यांत भांडी बांधत होती, श्रीरामपुरमच्या स्वयंपाकघरात फळी कुठं मारायची ते ठरवत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

एकतीस तारखेला मालकाच्या मुलाचं सामान दारात येऊन पडलं. "महिनाभर थांबतो म्हणू का?" असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण शब्द दिला होता. त्यांनी किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि टेंपोत कस्तुरीशेजारी बसले.

"एल्लिगे सार?" ड्रायव्हरने विचारलं. कुठे?

"मुंदे," मल्हारराव म्हणाले. "पुढं चला."

टेंपो निघाला.

"अहो," कस्तुरी म्हणाली, "श्रीरामपुरमचं वळण मागं राहिलं की."

ड्रायव्हरने वेग कमी केला आणि वळून पाहिलं.

"स्वल्प मुंदे," मल्हारराव म्हणाले. "अजून थोडं पुढं."

कस्तुरीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग काही न विचारता मांडीवरची देवांची टोपली पदराखाली घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला, सांगतायत ना ते."