चाकांवरचं हळदीकुंकू

पारिजात सोसायटी पाडून तिथे अकरा मजली इमारत बांधायची ठरली, तेव्हा चोवीस बिऱ्हाडांपैकी तेवीस बिऱ्हाडांनी शहाण्या माणसांसारखे भाड्याचे फ्लॅट शोधले. कुणी बिबवेवाडीला गेलं, कुणी येरवड्याला. चोविसावं बिऱ्हाड श्यामरावांचं. चौतीस वर्षं विमा कंपनीत बसून लोकांच्या गाड्यांच्या अपघातांचे कागद तपासलेल्या या गृहस्थांनी एक जुनी सतरा सीटर मिनीबस घेतली, तिची कॅरॅव्हॅन करून आणली आणि बायकोला सांगितलं, ‘‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मजेत राहू.’’

‘‘कोण?’’ आनंदीबाईंनी विचारलं.

तरी त्या आल्या. धायरीत श्यामरावांचे स्नेही आप्पासाहेब यांचा मोकळा प्लॉट होता. ‘‘जागा हाय, बोअरचं पाणी हाय, सावलीला जांभूळ हाय. आन् काय पायजे मानसाला?’’ असं म्हणून त्यांनी फाटक उघडून दिलं आणि संसार जांभळाखाली लागला.

आता खरं सांगायचं तर श्यामराव सुखात होते. शनिवार उजाडला की घराची खुंटी काढायची आणि पानशेतच्या बाजूला पाण्याकाठी जाऊन उभं राहायचं. अंथरुणातून उठलं की समोर धरण! स्वतःच्या स्वयंपाकघरातला चहा, स्वतःचा कप आणि दारात बगळे. समोरचं दृश्य आवडलं नाही तर किल्ली फिरवायची, दृश्य बदलायचं. सोसायटीत एकतीस वर्षं त्यांच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप दिसत आले होते. त्यामुळे बगळ्यांकडे बघताना त्यांना आपण कुणाला तरी फसवल्यासारखा आनंद व्हायचा.

पण गाडीत राहायचं म्हणजे नुसते बगळे नसतात. टाकीत पाणी दीडशे लिटर, म्हणजे डोक्यावरून न्हायचं असेल तर भांडी दुसऱ्या दिवशी. एकाला पुढून मागे जायचं असेल तर दुसऱ्यानं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. कुकरची शिट्टी झाली की सगळ्या खिडक्यांना घाम. गाडी जरा उतरणीला लागली तर रात्रभर दोघंही डाव्या भिंतीला. ‘‘अहो, आपण कलंडतोय. मुद्दाम का?’’ असं आनंदीबाई शांतपणे विचारत. देव वरच्या कपाटात होते. स्पीडब्रेकर आला की बाळकृष्ण गणपतीच्या मांडीवर जाऊन बसायचा. आणि संडासाची पेटी दर तीन दिवसांनी रिकामी करायची असते, ही गोष्ट कॅरॅव्हॅनच्या चकचकीत माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात छापलेली असते. ते खातं अर्थात श्यामरावांकडे होतं.

आनंदीबाईंनी हे सगळं सोसलं. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. चोवीस दारांच्या त्या सोसायटीत त्यांचा दिवस बायकांच्या हाकांनी भरलेला असायचा. आता सगळ्या पांगल्या होत्या. दिवसभरात हाक मारायला आप्पासाहेबांची म्हैस तेवढी उरली होती.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘एकतीस वर्षांत माझं हळदीकुंकू एकदाही चुकलेलं नाही. ज्या घरात मला चार बायका बोलावता येत नाहीत ते घर नव्हे. बिबवेवाडीचा एक फ्लॅट मी बघून ठेवलाय. संक्रांतीनंतरच्या सोमवारी करार करायचा आणि ही गाडी विकायची.’’

आनंदीबाई रागावून बोलल्या असत्या तर श्यामरावांना चाललं असतं, कारण राग उतरतो. पण त्या थकून बोलल्या होत्या. दोन दिवस ते जांभळाखाली येरझाऱ्या घालत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘बायका घरी येऊ शकत नाहीत ना? मग घर बायकांकडे नेऊ.’’

आनंदीबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘बघा नेऊन,’’ म्हणाल्या. ‘‘सोमवार मात्र सोमवारच.’’

त्या सोमवारच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी चारला कॅरॅव्हॅन बिबवेवाडीतल्या एका गल्लीत, सोसायटीतल्या जुन्या शेजारणीच्या, पूर्णिमाच्या बिल्डिंगसमोर उभी राहिली. दाराच्या पायरीवर रांगोळी, आत तिळगूळ, हरभरे, वाणाला छोट्या वेताच्या टोपल्या. पूर्णिमा, दीपमाला, कल्याणी आणि आणखी दोघी जमल्या. पहिली पायरी चढताच कल्याणी किंचाळली, ‘‘अगं बाई, फ्रीजसुद्धा आहे!’’

आणि इथे श्यामरावांच्या ध्यानात आलं की हळदीकुंकवाला घरात पुरुष थांबत नसतो. सोसायटीत ते अशा वेळी गच्चीवर जात. इथे गच्ची कुठली आणणार? ‘‘मी जरा चक्कर मारून येतो,’’ म्हणत ते उतरले. दिवे-पंखे चालू राहावेत म्हणून किल्ली गाडीलाच ठेवली, आणि फोन चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. कोपऱ्यावर चहा घेतला, दाढी करून घेतली, न्हाव्यानं विचारलं म्हणून चंपीही घेतली. पाऊण तासानं परत आले, तर गल्लीत घर नव्हतं.

रस्ता रिकामा होता. रांगोळीही नव्हती, कारण ती पायरीबरोबर गेली होती.

चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेतात हे श्यामरावांना ठाऊक होतं. पण आत बायको असताना, पाच सवाष्णी असताना? त्यांनी धावत बिल्डिंगचे वॉचमन कोंडीराम यांना गाठलं. ‘‘ती पांढरी गाडी! कुणी नेली?’’

कोंडीरामनं खुर्चीतून न उठता सांगितलं, ‘‘पान्याचा टँकर आला व्हता सायेब. रस्ता अडला. टँकरवाला लई कावला. मंग त्या चष्मेवाल्या म्याडम उतरल्या, त्याला म्हन्ल्या, ओरडू नका, आम्हाला ऐकू येतं. आन् त्यांनीच गाडी काडली.’’

‘‘चष्मेवाल्या? त्यांनी चालवली?’’

‘‘मस्त चालवली की. मागं समद्या हसत व्हत्या.’’

आनंदीबाई वीस वर्षं मारुती चालवत शाळेत भूगोल शिकवायला गेल्या होत्या. पण या गाडीच्या स्टेअरिंगला त्यांनी सहा महिन्यांत बोटही लावलं नव्हतं. ‘खेळणं तुमचं आहे, तुम्ही खेळा,’ एवढंच म्हणत. कोंडीरामच्या फोनवरून श्यामरावांनी आनंदीबाईंचा नंबर लावला. फोन दीपमालानं उचलला आणि आनंदीबाईंच्या कानाशी धरला. मागून कुणीतरी मोठ्यांदा नाव घेत असल्याचा गलका येत होता.

‘‘अगं, आहेस कुठे तू?’’

‘‘येरवड्याच्या रस्त्याला. आपल्या सोसायटीतल्या मुक्ताईंचे गुडघे गेलेत, माहिती आहे ना? सहा महिने कुणी त्यांना भेटलेलं नाही. त्यांना यायला जमत नाही म्हणून त्या रडल्या परवा फोनवर. टँकरला वाट करून द्यायला निघालेच होते, मग म्हटलं कोपऱ्यावर थांबायचं कशाला? खालीच गाडी लावते, त्या लिफ्टनं येतील, दोन पायऱ्या आम्ही चढवू.’’

‘‘आणि मी?’’

‘‘तुम्ही रिक्षानं या. पण सातच्या आत नको, बायका आहेत.’’

सगळा धीर एकवटून श्यामरावांनी विचारलं, ‘‘सोमवारचं काय करायचं?’’

पलीकडे गाडी तिसऱ्या गिअरवरून चौथ्यावर गेलेली त्यांना ऐकू आली, आणि ती अगदी बिनधक्क्याची गेली.

‘‘सोमवारी औंधला वर्षाताई, मंगळवारी कात्रज. बुधवारी मला मोकळं ठेवा,’’ आनंदीबाई म्हणाल्या. ‘‘फ्लॅटवाल्याला मी मघाशीच ‘नको’ म्हणून कळवलंय. आणि ऐका, यापुढे गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही.’’

फोन बंद झाला. श्यामराव भर रस्त्यात उभे होते. अंगावरचे कपडे आणि खिशातले रिक्षापुरते पैसे यांखेरीज त्यांच्याजवळ काहीही नव्हतं आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले. कोंडीरामनं दुसरी खुर्ची ओढली.

‘‘बसा सायेब. घर कुठंशीक हाय तुमचं?’’

‘‘आत्ता संगम पुलाच्या आसपास असेल,’’ श्यामराव म्हणाले आणि सात वाजायची वाट बघत बसले.