कापसाचं पाणी

सरिताकडे सगळं होतं. नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलची नोंदणी, शहापूरच्या दवाखान्यातली दोन वर्षं. तरीही शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांची सेवा करणाऱ्या केंद्रातल्या प्रेमा सिस्टरांनी तिला बजावलं, "हे कागद वॉर्डात चालतात गं. तीन महिने घरोघर जा. शेवटच्या घरच्यांनी फॉर्मवर चार शब्द लिहून सही केली, तरच नोकरी." घ्या! शिकायचं आपण आणि पास करायचं लोकांनी.

शेवटचं घर वैशाखरे गावातलं. घशाच्या कॅन्सरने कोंडूबाबांचं गिळणं बंद झालं होतं. त्या दुपारी श्वास घरघरू लागला, तसं मुलाने, सुदामने, त्यांना खाटेवरून खाली घेतलं आणि भरला तांब्या तोंडात ओतायला घेतला. म्हातारा निळा पडला, टाचा घासू लागला.

सरिताने तांब्या हिसकावला. "पाणी छातीत चाललंय. गुदमरतील!"

"मरताना बापाला पानी नाय देत? कोण गो तू?" सुदामने दारामागची काठी उचलली. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा कपाळावर. रक्त डोळ्यांत उतरलं. तशीच तिने बाबांना कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी बोटाने काढलं. तिसरा पाठीत बसला. रागाने तिचं अंग पेटलं. तोच तांब्या त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला, पण हात रिकामे कुठे होते?

"आरं मेल्या, बाप श्वास घेतोय बघ!" सुदामची आई सकुबाई काठीला लोंबकळली.

घरघर खरंच उतरली होती. सरिताने पिशवीतला कापूस तांब्यात बुडवला, पिळला आणि सुदामच्या हातात कोंबला. "द्या पाणी. नुसतं ओठांना."

त्याने कापूस बापाच्या ओठांना लावला. बाबांनी ओठ चाटले, मुलाकडे पाहिलं. संध्याकाळी गेले, तेव्हा कापूस ओठांवरच होता.

सरिताच्या कपाळाला सहा टाके पडले. पोरीने म्हाताऱ्याला तहानेला मारलं, असं गावभर झालं. त्या घरी राहिलेला फॉर्म आणायला ती गेलीच नाही. नोकरी गेली, असं धरून ती दोन दिवस रडली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुदाम केंद्रात आला. तिच्याकडे न बघता त्याने फॉर्म टेबलावर ठेवला आणि निघून गेला. वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सिस्टरनी माझ्या बापाला पाणी पाजलं. मी तिला काठीनं मारत होतो तवाबी.' खाली त्याची सही आणि सकुबाईचा अंगठा होता.