मोजणीचा आठवडा

नळखात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. लोखंडी दांडीचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते हातभर अंतरात सांगायचं, हेच त्याचं बावीस वर्षांचं काम. यंत्रं आली नि गेली, पण ह्या बाबाचा कान कधी चुकला नाही.

मग मोजणीचा आठवडा आला. साहेबांना गळतीचा आकडा वीस टक्क्यांखाली दाखवायचा होता. पाइप दुरुस्त करत बसायला वेळ कुणाला? साहेब म्हणाले, "पूर्व भागाचा व्हॉल्व्ह आवळ. प्रेशर उतरलं की गळतीही उतरते. आणि मोजणी होईपर्यंत कुठे खोदायचं नाही." धन्य ती अक्कल! कानसेननं निमूट नऊ फेरे आवळले.

त्याच दुपारी ताईचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. पूर्व भागातच राहायची ती, एकटी. "अरे, स्वयंपाकघरातली फरशी डुगडुगतेय. भिंतही ओली झालीय. जरा ऐकून जा की."

तो गेला, दांडी लावली. आवाज नाही. येणार कुठून? सकाळी ह्यानेच तर पाण्याची मुस्कटदाबी केली होती! इतक्या कमी प्रेशरला फुटका पाइपही मुका होतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण खरं सांगावं तर खोदाई होणार, आकडा फिसकटणार, साहेब डोक्यावर बसणार. सोमवारी व्हॉल्व्ह उघडला की परत येऊ, असं ठरवून तो मोकळा झाला.

"काही नाही गं ताई. तुझ्या मोरीचंच पाणी मुरतंय."

"शेजारीण म्हणत होती, खात्याकडे अर्ज कर. म्हटलं, घरचा भाऊ असताना अर्ज कशाला?" ताई हसली.

सोमवारी व्हॉल्व्ह उघडला. आकडा सतरावर आला होता. साहेबांनी भाषण ठोकलं, कानसेनची पाठ थोपटली, आणि त्या कौतुकात ताईकडे जायचं राहून गेलं. बुधवारी सकाळी ओट्यापाशी उभी असताना फरशी खचली आणि ताई कमरेपर्यंत आत गेली. मांडीचं हाड मोडलं. संध्याकाळच्या आत खात्यानं पाइप जोडून खड्डा बुजवलासुद्धा. एरवी महिना लावतात मेले!

दुसऱ्या दिवशी चौकशीवाला वही घेऊन दवाखान्यात आला. कानसेन पलंगापाशीच उभा होता. बोल, आता तरी बोल! 

"बाई, नळाची गळती होती का?"

"छे हो! मोरीच जुनी आमची. वेळेवर दुरुस्त केली नाही, माझंच चुकलं." ताई कण्हत म्हणाली. "नळाला नावं ठेवू नका. माझ्या भावानं स्वतः ऐकलं होतं."

चौकशीवाला वळला. "काय हो, आवाज नव्हता ना?"

"नव्हता," कानसेन म्हणाला आणि चौकशीवाल्यानं पुढे केलेल्या कागदावर सही केली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" ताईनं अभिमानानं त्याचा हात धरला. तो हात सोडवून घ्यायचीही त्याला हिंमत झाली नाही.