मास्तरांची वाटी

दुकानदाराला सगळे मास्तर म्हणत, कारण धडा दिल्याशिवाय त्यांनी कोणाला कधी मासा विकला नाही. पैसे देऊन झाले तरी पिशवी यांच्याच हातात. "घरी गेल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवायची. मग तोंड सोडून टाकीतलं पाणी वाटीवाटीने आत घालायचं. चांगलं तासभर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करायचं नाही. कळलं?" कळलं म्हटल्याशिवाय सुटका नसे.

आता लोक मोबाइलवर मासे मागवू लागले होते. "कुरियरने मासे! उद्या सासूही कुरियरने मागवतील," मास्तर म्हणत, पण हसायला दुकानात असायचं कोण? निम्म्या टाक्या कोरड्या पडल्या होत्या. जुनी गिऱ्हाइकं यायची ती फुकटचा सल्ला घ्यायला: मास्तर, पार्सल आलंय, मासे कसे सोडू? मास्तर मन मोठं करून तोच धडा द्यायचे. दोन दिवसांनी तोच माणूस तोंड पाडून यायचा. मेले म्हणायचा. "ऑनलाइनचा माल, दुसरं काय होणार!" खोटं कशाला बोला, मास्तरांना आतून गुदगुल्या व्हायच्या. तो माणूस मग टाकी विकून मोकळा व्हायचा आणि पुन्हा फिरकायचा नाही.

शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं. "दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम जमलं तर चालवा दुकान. नाहीतर कव्हरवाल्याला देऊन टाकू." मोबाइलची कव्हरं विकणारा शेजारी गाळ्यावर केव्हाचा टपून होता. डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात डिस्कस माशांची मोठी टाकी हवी होती. मासे जगले तर देखभाल कायमची मास्तरांकडे, शिवाय ओळखीच्या इतर दवाखान्यांचीही.

पण डिस्कस आता जवळपास कुठे मिळेनात. पैदास करणारा शेवटचा माणूसही धंदा गुंडाळून बसला होता. झक मारत मास्तरांनी मोबाइलवरूनच मागवले. त्यांचं बघून त्यांच्या दोस्तानेही मागवले. हा दोस्त म्हणजे बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, दिवसभर पलंगासमोरच्या टाकीकडे बघत पडायची. टाकीतले मासे म्हातारे होऊन मेले, तशी ती भिंतीकडे तोंड करून पडू लागली होती.

पार्सल निघाल्यावर विकणाऱ्याचा फोन आला. "काका, पिशवी नुसती तरंगू द्या. पाणी कोमट झालं की पिशवी उघडा आणि लगेच मासे जाळीने उचलून टाकीत सोडा. वाटीने पाणी घालत बसू नका." मास्तरांनी हो हो करत फोन ठेवला. "ओठ पिळले तर दूध निघेल, आणि हा मला शिकवतोय," ते बायकोला म्हणाले. ड्रायव्हरलाही बजावून ठेवलं, आपल्याच पद्धतीने सोड.

दवाखान्यात पार्सल उघडलं तेव्हा मासे उत्तम होते. मास्तरांनी पिशव्यांची तोंडं सोडली, वाटी काढली आणि बसलेल्या पेशंटना धडा सुरू केला. कितीतरी दिवसांनी ऐकायला एवढी माणसं मिळाली होती. मास्तर नुसते खुलले होते. अर्ध्या तासाने मासे काळवंडले, धापा टाकू लागले. दमलेत, म्हणून मास्तरांनी वाटी आणखी सावकाश चालवली.

"ते आडवे का पडले हो?" गाल सुजलेल्या एका बाईंनी विचारलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईने त्यांनी मासे टाकीत सोडले, पण ते एकेक करून तळाला गेले. डॉक्टरीणबाई दारात येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, पेशंट बघताहेत. काढून घ्या ते. मी तिथे टीव्ही लावेन."

बाहेर जिन्यात येऊन मास्तरांनी विकणाऱ्याला फोनवर वाट्टेल ते सुनावलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काका, पिशवी किती वेळ उघडी होती?"

"तासभर! जन्मभर असंच करतोय मी!"

"तुमचं गिऱ्हाईक मासा घेऊन लगेच घरी पोचायचं, तेव्हा ते बरोबरच होतं. हे दोन दिवस पिशवीत होते. माशांच्या घाणीचं विष त्यात साचतं. पिशवी बंद असेपर्यंत ते झोपलेलं असतं, उघडून हवा लागली की जागं होतं. त्याच पाण्यात तासभर ठेवलेत तुम्ही त्यांना."

मास्तर पायरीवर बसले. मेले म्हणत आलेला एकेक चेहरा त्यांना आठवला. कुरियरने नव्हते मारले. आपण मारले, आणि वर हसलो. ती सगळी माणसं आपल्याच हाताने घालवली आपण.

मग त्यांना ड्रायव्हरचं पार्सल आठवलं. त्यांनी लगेच त्याला फोन लावला.

"शंभर वर्षं आयुष्य आहे रे तुला! आत्ताच तुझं नाव काढलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "हिला उशीला टेकवून बसवलंय बघ. किती दिवसांनी बसली! पिशवी मांडीवर घेऊन स्वतः वाटीने पाणी घालतेय. तास होत आला, पण मास्तरांनी सांगितलंय म्हणते, घाई करायची नाही. मासे तेवढे काळे पडलेत जरा. प्रवासाने दमले असतील, नाही का?"