चौथा तक्ता

आपल्याला कुणाचा मत्सर वाटत नाही, असं कालीबेक स्वतःच सांगत असे, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं. बिश्केकच्या त्या तंत्रसंस्थेत, बांधकाम-साहित्याच्या विभागात, मत्सर करावा असं कुणी नव्हतंच. तोक्तोसून होता, पण तो विटा शिकवायचा आणि दिवसभर विनोद सांगायचा. त्याच्यावर कोण जळणार? मग बुरुल जपानहून परत आली.

बुरुल त्याचीच विद्यार्थिनी. काँक्रीटचा ठोकळा कोपरे न फुटू देता साच्यातून कसा काढायचा, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. आता ती विभागात शिकवू लागली होती; तास संपला तरी मुलं तिच्याभोवती घोटाळत, रेक्टर जिन्यात थांबून तिची चौकशी करत. कालीबेकला रेक्टर भेटले तर ‘तुमच्या मजल्यावरचं गळतं नळकांडं झालं का दुरुस्त?’ एवढंच विचारत. म्हातारे विभागप्रमुख शरदात निवृत्त व्हायचे होते. त्यांची खुर्ची कालीबेकने मनातल्या मनात केव्हाच झटकून-पुसून ठेवली होती. आणि आता लोक म्हणत होते, बुरुलचा एक पेपर संस्थेच्या जर्नलमध्ये आला की तीही त्या जागेसाठी उभी राहू शकते. गुरूची विद्या गुरूलाच! तिचं नाव निघालं की कालीबेकच्या पोटात खरोखर दुखायचं. बायको, साल्तानात, सोड्याचं पाणी पुढे करायची आणि म्हणायची, “आज काय केलं बुरुलने?”

मे महिन्यात बुरुल पेपर घेऊन त्याच्याकडेच आली. दुसरीकडे जाणार कुठे? जर्नलला पेपरासोबत त्या विषयात डॉक्टरेट असलेल्याचं परीक्षण लागतं, आणि अख्ख्या शहरात काँक्रीटवर सही करण्याजोगा डॉक्टर कालीबेक एकटाच. परीक्षण लेखकानेच लिहून आणायचं, परीक्षकाने सही ठोकायची, सोबत आलेले बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, खायचे, ही रीत. पेपर कुणी वाचत नाही. वाचणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचे खिसे तपासणं.

“आगाय, फक्त सही हवी होती,” बुरुल म्हणाली; इथे सरांना आगाय म्हणतात. बोरसोकचा डबा तिने टेबलावर ठेवला. “स्वतःचं कौतुक लिहिताना लाज वाटली. कमीच लिहिलंय.”

“ठेवून जा,” कालीबेक म्हणाला. “बघतो.”

ती जरा चपापली. पण ठेवून गेली.

रविवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर उघडला. सिमेंटऐवजी थोडी वीजघरातली राख घालून केलेलं काँक्रीट डोंगरातल्या थंडीत किती टिकतं, असा विषय. पहिली काही पानं त्याने नाक मुरडत वाचली. मग नाक मुरडायचं राहून गेलं. पेपर चांगला होता. इतका चांगला की त्याच्या घशाशी आलं. हे साधं, स्वच्छ काम त्याला वीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं, आणि वीजघराच्या राखेचा ढिगारा तर खिडकीतून दिसत होता.

“चहा गार होतोय,” साल्तानात म्हणाली. “पेपर वाचताय की कुणाला गिळताय?”

“गप्प बैस गं!”

कारण त्याच क्षणी त्याला चूक सापडली होती. चौथा तक्ता. राख ढिगाऱ्यावरून उचललेली, म्हणजे ओली. तसं बुरुलनेच आधी लिहिलं होतं. पण चौथ्या तक्त्यात वजन मांडताना आतलं पाणी वजा करायला ती विसरली होती. पहिल्या वर्षाच्या पोराची चूक! कालीबेकने एका दमात तीन बोरसोक खाल्ले. पोटात अजिबात दुखलं नाही.

त्याने फोन उचलला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नंबरही काढला. पण सांगितलं तर ती संध्याकाळपर्यंत दुरुस्त करेल, आणि पेपर बिनचूक होईल, आणि खुर्ची जाईल. नाही सांगितलं तर चूक छापून येईल. मग शरदातल्या निवडीच्या तोंडावर त्याच जर्नलमध्ये आपण तिचं खंडन करायचं, चारचौघांत, पुराव्यानिशी. त्याने फोन ठेवला आणि सही केली. शिक्कासुद्धा सरळ मारला.

“इतक्यात झालं, आगाय? तुमचे उपकार कसे फेडू?” सोमवारी बुरुल म्हणाली.

“उपकार कसले,” तो म्हणाला, आणि असं म्हणताना त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

जर्नल जूनमध्ये निघालं. चौथा तक्ता चुकीसकट छापला होता. उन्हाळाभर कालीबेक खंडन लिहीत बसला. इतकं नेटकं त्याच्या हातून कित्येक वर्षांत उतरलं नव्हतं. सप्टेंबर लागला तसा, पानाचा क्रमांक टिपून घ्यायला त्याने जर्नल पुन्हा उघडलं, आणि पेपराच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, नेहमीची ओळ दिसली. परीक्षक: तंत्रविज्ञानाचे डॉक्टर कालीबेक अमुकतमुक.

प्रत्येक पेपराखाली ती ओळ असते. ती कुणी वाचत नाही. त्यानेही कधी वाचली नव्हती. वरच्या तिच्या नावावर तो इतका जळत राहिला की खाली आपलंही नाव येणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आता खंडन करायचं म्हणजे स्वतःच्याच सहीचं करायचं. ती पानं त्याने खणात कोंबली. साल्तानातला तो म्हणाला, “सोड्याचं पाणी दे.”

दोन दिवसांनी, विभागात सगळे चहाला बसलेले असताना, बुरुल धापा टाकत आत आली.

“आगाय, मी तुमचं नाव खराब केलं,” ती दारातूनच म्हणाली. “चौथा तक्ता चुकलाय! मुलांनी त्यावरून, कोरडी राख घेऊन, नवे ठोकळे ओतायला घेतले, तर मिश्रण कोरडं ठणठणीत. राखेतलं पाणी मी वजाच केलं नव्हतं.”

कालीबेकने हातातला चहाचा पियाला खाली ठेवला.

“मी जर्नलकडे दुरुस्ती पाठवतेय. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की परीक्षकांचा दोष नाही, त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली.”

“अगं, एवढं लिहायला कशाला हवं?” तोक्तोसून हसला. “परीक्षक पेपर वाचतो, असा आळ या इमारतीत आजवर कुणी कुणावर घेतलाय का?”

सगळे खो खो हसले. मी वाचला होता! कालीबेकच्या दातांपर्यंत शब्द आले. तुझ्या कितीतरी आधी मला दिसली होती ती चूक, फक्त मला! पण मग सही का केलीत, असं कुणी विचारलं तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“वेळ कुठे होता तेव्हा,” तो म्हणाला.

“पण गंमत ऐका,” बुरुलचे डोळे चमकले. “पाणी वजा केलं तर राख मुळात कमीच पडली होती. म्हणजे कमी मालात तेवढीच ताकद! मीच माझ्या काँक्रीटला कमी लेखत होते.”

“बघा,” तोक्तोसून म्हणाला, “स्वतःची चूक स्वतः छापायला निघालेलं माणूस मी इथे पहिल्यांदा पाहतोय. प्रमुख अशीच हवी. काय, कालीबेक?”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“हवी,” कालीबेक म्हणाला.

बुरुलने लाजत दोन कागद पुढे केले. “दुरुस्तीलाही परीक्षण लागतं, आगाय. लिहून आणलंय. पण या वेळी... एकदा वाचाल का?”

त्याने चष्मा लावला. मे महिन्यात चूक सापडल्यावर तो तिथेच थांबला होता. ती दुरुस्त केली तर पुढे काय निघतं, हे करून बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. आता तो एकेक आकडा बोटाने दाबत पुढे गेला, भुकेल्या माणसाने रिकामं भांडं खरवडावं तसा. पाणी, राख, सिमेंट, बेरीज. पुन्हा पहिल्यापासून. आगाय किती मन लावून वाचतात, असं बुरुल कुणाच्या तरी कानात म्हणाली, आणि ते त्याला ऐकू आलं.

कुठेही चूक नव्हती. त्याने पेन मागितलं.