दाराचा ठोकळा

रविवारी जीवनगौरव पुरस्कार घ्यायचा, म्हणून ओळंबासाहेब बुधवारपासूनच आरशासमोर उभे राहून भाषण घोकत होते. विषय आयोजकांनी ठरवून दिला होता: 'इंजिनिअरची दीर्घ आणि समाधानी कारकीर्द'. समोर बसणार होती नुकती पदवी हातात पडलेली पोरं. त्यांना सांगायचं होतं, की टेबलापेक्षा साइटवर जास्त वेळ काढा, गवंड्याला झापण्याआधी त्याचं ऐकून घ्या, आणि तपासणीचा क्यूब, म्हणजे लॅबमध्ये दाबून ताकद बघायचा काँक्रीटचा नमुना, आपल्या डोळ्यांदेखत भरल्याशिवाय कशावरही सही करू नका.

ओळंबा हे काही त्यांचं नाव नव्हे. पण माणूस इतका सरळ, की सगळं खातं त्यांना त्याच नावाने ओळखे. मालात चार पाट्या वाळू जास्त पडली तरी ते सगळा माल फेकायला लावत. ठेकेदार त्यांच्या नावाने बोटं मोडत आणि त्यांनीच बांधून घेतलेल्या पुलांवरून बायकापोरांसह बिनघोर गाड्या हाकत. असे अठरा पूल झाले, एकालाही तडा नाही.

घरात या कारकिर्दीची एकच खूण होती. बैठकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला काँक्रीटचा चौकोनी ठोकळा. त्यावर खिळ्याने तारीख कोरलेली. लेक लहानपणी त्याच्यावर अंगठा आपटून भोकाड पसरायची, बायको म्हणायची, "हा धोंडा एकदाचा बाहेर टाका." एरवी बायकोच्या शब्दाबाहेर नसलेल्या साहेबांनी हे मात्र कधी ऐकलं नाही.

लेक आता स्वतः इंजिनिअर होती. गुरुवारी दुपारी ती फायलींचा गठ्ठाच घेऊन आली.

"बाबा, तुमचं पहिलंवहिलं काम माझ्याकडे आलंय. प्रसूतिगृह! वर आणखी दोन मजले चढवायचेत. खालचं बांधकाम पेलेल का, ते मी लिहून द्यायचंय."

"त्या प्रसूतिगृहाचं नाव नको काढूस," आई चहा ठेवत म्हणाली. "नवऱ्याने बांधलेलं, घरापासून दहा मिनिटांवर. आणि मला कळा सुरू झाल्या तर हे खात्याच्या जीपमधून दोन तास लांब घेऊन गेले. म्हणे तिथली डॉक्टर मोठी! तू जीपमध्येच व्हायची राहिलीस."

हा किस्सा घरात शंभरदा झाला होता, तरी मायलेकी हसल्या. साहेबांनी कप खाली ठेवला.

"स्लॅबचे नमुने काढलेस?"

"भोकं पाडायची म्हणजे महिनाभर वॉर्ड बंद. आणि हवंय कशाला? तुमचं क्यूबचं जुनं रजिस्टर सापडलं. एकूण एक क्यूब पास, खाली तुमची सही. ओळंबासाहेबांची सही असताना मी स्लॅब पोखरत बसू? उद्या देते लिहून."

साहेब गप्प राहिले असते तर रविवार छान पार पडला असता. पण सही लेकीची पडणार होती, आणि वर दोन मजले चढणार होते.

"लिहून देऊ नकोस," ते म्हणाले. "आधी तो दाराचा ठोकळा लॅबमध्ये ने."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि नोकरी कायम व्हायची होती. ठेकेदाराने क्यूबसाठी सढळ हाताने सिमेंट घालून वेगळा माल कालवला, स्लॅबमध्ये गेला तो पाणचट. वरिष्ठ म्हणाले, सही कर आणि मोकळा हो. त्यांनी केली. मात्र स्लॅबच्या खऱ्या मालाचा एक क्यूब, म्हणजे हाच ठोकळा, गुपचूप भरून घरी आणला, गुपचूप तपासून घेऊ म्हणून. तो धीर कधी झालाच नाही. पुढे जन्मभर ज्या करडेपणाला लोकांनी हात जोडले, तो त्या एका सहीच्या भीतीतून आला होता.

लेकीने ठोकळा पिशवीत घातला आणि गेली.

शुक्रवारी संध्याकाळी ती परत आली. आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हवी त्याच्या निम्मीसुद्धा ताकद नाही," लेक म्हणाली. "चौतीस वर्षं मुरूनही."

"इमारत पडली तर नाही ना," साहेब बोलून गेले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

लेकीचे डोळे भरले. "बाबा, तुम्ही तो कधी तपासला नव्हता. म्हणजे स्लॅब इतका कच्चा आहे हे तुम्हाला नक्की माहीत नव्हतं. हो ना? तेवढं तरी म्हणा."

"नाही," साहेब घाईने म्हणाले. "नक्की माहीत नव्हतं."

आईचा हात घडीवर थांबला.

"मग मला दोन तास जीपमधून कशाला नेलंत?"

ठोकळ्यावाचून दार आपटलं; साहेब ते लावायला उठले.

"तेव्हा जीपच्या ड्रायव्हरच्या बायकोलाही दिवस होते," आई म्हणाली. "परत येताना त्याने माझ्यासमोर विचारलं होतं, साहेब, तिलाही तिकडेच नेऊ का? तुम्ही म्हणालात, एवढ्या लांब कशाला? आपलंच हॉस्पिटल आहे, निर्धास्त ने."